सावकाश उलगडणारा पडदा

टेलिफोनच्या तारेतून दुसऱ्या गावचा संगणक आपल्यासमोर यायचा तो तुकड्यातुकड्यांनी. आधी वरची निळी पट्टी, मग एखाद्या खिडकीचा कोपरा, मग बराच वेळ काहीच नाही. सांगलीतल्या मामांच्या दुकानाचा संगणक मी पुण्यातून दुरुस्त करायचो, तेव्हा निम्मा वेळ हा पडदा उलगडताना पाहण्यातच जाई. तो वेळ मला फार आवडायचा.

गाडं अडायचं ते पाठवण्याच्या बाजूला. ‘छप्पन्न के’ म्हणून घेतलेला मोडेम त्या वेगाने फक्त घेऊ शके; देताना सेकंदाला ३३.६ किलोबिट ही कमाल मर्यादा. आणि मला दिसायचा तो पडदा मामांच्या देण्याच्या वाटेनेच यायचा. ८०० बाय ६००चा, २५६ रंगांचा पडदा आहे तसा पाठवला तर जवळजवळ दोन मिनिटं लागत. पावसात खांबावरच्या डबीत ओल शिरली, तारेत खरखर सुरू झाली की तेवढाही वेग मिळत नसे.

त्या काळात मी व्हीएनसी वापरायचो. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत तो प्रोग्राम जन्मला आणि सगळ्यांना मोफत मिळाला. त्याची रीत मोठी समजूतदार. पाहणारा मागतो तेव्हाच समोरचा देतो, आणि देतो तेही फक्त पडद्याचे बदललेले चौकोन. तार सावकाश असेल तर मागणंही आपोआप सावकाश होतं.

तरी जोडणी व्हायची तीच खटपटीने. प्रत्येक वेळी लाइन लागली की आयपी पत्ता नवा. दुकानातला एकुलता एक फोन मोडेमने अडवलेला, म्हणून मामा ते चार आकडे कागदावर उतरवून शेजाऱ्यांकडे जात आणि तिथून मला वाचून दाखवत. मग मी फोन ठेवून माझा मोडेम लावायचा. आता दोघांनाही बोलायची सोय उरलेली नसे. आम्ही मामांच्याच पडद्यावर नोटपॅड उघडून ठेवायचो आणि त्यात आळीपाळीने लिहायचो, रोमन अक्षरांत मराठी.

काम सुरू करण्याआधी पडदा हलका करावा लागे. रंग कमी करायचे, आणि सगळ्यात मोठी बचत म्हणजे मागचं चित्र काढायचं. सपाट एकरंगी जागा दाबून चिमूटभर होते, फोटो होत नाही. मामांच्या पडद्यावर गणपतीचा फोटो होता. तो गेला की नोटपॅडमध्ये एकेक अक्षर उमटू लागे: गणपती कुठे गेला? मी लिहायचो, तारेला जड होतोय मामा, काम झालं की बसवतो. आणि खरोखरच शेवटचं काम तेच असायचं. प्रिंटर चालू झाला, हिशेबाची फाइल उघडली, तरी गणपती परत दिसल्याशिवाय मामा लाइन तोडत नसत.

माऊसपेक्षा कळफलक बरा, हे तिथेच शिकलो. बाण कुठे पोचलाय ते कळायला उशीर, म्हणून प्रत्येक क्लिक आधी मनात करून पाहायची. मामांना मात्र माझी प्रत्येक हालचाल दिसायची, कारण पडद्यासमोर ते बसलेले असत. नको वाटलं तर मोडेमची तार उपटायची, एवढा अधिकार त्यांच्या हातात होता आणि मला तो मोलाचा वाटायचा. दुसऱ्याच्या यंत्रात शिरताना मालक समोर असावा.

आता हेच काम मोबाइलच्या ॲपवर क्षणात होतं. बँकेतून बोलतोय असं सांगून असं ॲप घ्यायला लावणारे आणि डोळ्यांदेखत खातं रिकामं करणारेही आहेत. तेव्हा माझं एवढं ऐका: आपला पडदा द्यायचा तो ओळखीच्या माणसालाच, स्वतः समोर बसून. अनोळखी माणसाने फोनवर तसं सांगितलं, तर बोलणं न वाढवता फोन ठेवून द्या.