कुणाच्या हातचे?

संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसाचे पाय कुठे वळतात, यावरून त्याची पिढी ओळखावी. आमच्या वडिलांचे पाय देवळाकडे वळत, आमचे वाचनालयाकडे वळले. आणि आता तिन्ही पिढ्यांचे मिळून कोपऱ्यावरच्या केकच्या दुकानाकडे वळतात. हे दुकान एकटे नसते. त्याच पाटीची, त्याच रंगाची त्याची भावंडे गावभर पसरलेली असतात. मॉन्जिनिस हे मूळचे मुंबईच्या फोर्टातले इटालियन नाव. पण आज ते पेठेतल्या पोरांच्या तोंडी शंकरपाळ्याइतके सहज येते.

काचेच्या कपाटात अननसाची पेस्ट्री असते, चॉकलेटची असते, गरम पॅटिस असते. शेजारी कॉफीचे यंत्र फुसफुसत असते. टेबलाशी नातू नाकाला क्रीम लावून बसलेला, आणि समोर एकादशीची आजी नुसती कॉफी घेत असते. कॉफी उपासाला चालते, हा आपल्या गृहिणींनी दिलेला फार उदार निर्णय आहे! या सगळ्यांत एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही : हे कुणाच्या हातचे?

याच प्रश्नाने एकेकाळी पुणे हादरले होते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये गावातली प्रतिष्ठित मंडळी जमली. भाषण झाले आणि मग चहा-बिस्किटे आली. कुणी चहा प्याले, कुणी नुसता पेल्याला हात लावला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. टिळक आणि रानडे यांचे एकमेकांशी क्वचितच पटे. पण प्रायश्चित्ताच्या प्रश्नाने दोघांनाही एका पंगतीला बसवले. या प्रकरणात घरच्या माणसांची कशी ओढाताण झाली, ते रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. एका पेल्याची ती किंमत!

पाव हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, पगारही त्यांचाच. पगार आपण आनंदाने घेतला, पाव घ्यायला मात्र वेळ लावला. बेकरीची भट्टी ख्रिस्ती, मुसलमान, इराणी यांच्या हाती, म्हणून सोवळ्या घरांनी तिच्याकडे बरीच वर्षे पाठ फिरवली. मग मधला मार्ग निघाला, तो नानकटाईचा. मैदा आपला, तूप आपले, साखर आपली. विस्तव तेवढा बेकरीवाल्याचा. दिवाळीच्या आधी मुलांना डबे देऊन भट्टीपाशी बसवत आणि पोरे आपापल्या पत्र्यांवर नजर ठेवत. त्या राखणीत पोरांची बेकरीवाल्याच्या पोरांशी दोस्ती होई. धर्मशास्त्राला जे जमले नाही ते वेलचीच्या वासाने केले.

आता नव्या दुकानात बहुधा भट्टीही नसते. माल दूरच्या कारखान्यातून गाडीने येतो. म्हणून मला कधी कधी शंका येते. आपण हात विचारायचे खरोखरच सोडले, की हातच दिसेनासा झाला? कारण विचारण्याची हौस अजून पुरती गेलेली नाही. काउंटरवरची मुलगी दर गिऱ्हाइकाला विचारते, “काका, एगलेस ना?” आणि डब्यावरचा हिरवा ठिपका पाहून काकांचा जीव भांड्यात पडतो.

तरीही १८९० सालच्या त्या टेबलापेक्षा हे टेबल मला प्रिय आहे. इथे खुर्ची मोकळी दिसली की माणूस बसतो. बाजूच्याचे आडनाव विचारत नाही. एवढ्यासाठी कितीतरी माणसांनी बोलणी खाल्ली, वाळीत पडण्याची भीती सोसली. ती कमाई पेस्ट्रीबरोबर गिळून विसरण्यासारखी नाही.

फक्त एक वाटते. हात हा शब्द आपल्याकडे नुसता विटाळाचा नाही, मायेचाही आहे. ‘तिच्या हातची चकली’ याहून मोठी तारीफ मराठीत नाही. फराळाचे ताट शेजारी पाठवताना आपण ती करतो. केकच्या डब्यावर कंपनीचे नाव असते, तारीख असते, किंमत असते. पहाटे उठून तो केक फेटणाऱ्याचे नाव नसते. हात विचारू नये म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी भांडली. आता कौतुकाने तो विचारण्याची पाळी आपली आहे.