उन्हाळी

माझ्या माहेरी या दुखण्याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणत, आणि तेही पुरुषमाणूस जवळपास नसेल तेव्हाच. आई रात्री धने-जिरे भिजत घाली आणि सकाळी ते पाणी मुकाट्याने पिऊन कामाला लागे.

मी शिकलेली! मी औषधाच्या दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणल्या. दोन दिवसांत जळजळ थांबली; उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या. पुढे शेजारच्या वहिनी हीच तक्रार माझ्या कानाशी कुजबुजल्या, तेव्हा मोठ्या उदारपणे त्याच गोळ्या मी त्यांच्या हातावर ठेवल्या. चौथ्या दिवशी वहिनींना हुडहुडी भरून ताप आला. पाठीत कळा, उलट्या. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. आठवड्याने त्या दवाखान्यातून घरी आल्या. माझ्यावर मुळीच रागावल्या नाहीत. तेच मला अधिक लागले.

पुन्हा माझी पाळी आली तेव्हा मात्र डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि खाली मान घालून सारे सांगितले. त्या म्हणाल्या, “लाजता कशाला? बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर. आतड्यात नांदणारा ई-कोलाय तेवढी वाट सहज चढतो. पण सिप्रोफ्लॉक्सासिन आपण इतके उधळले, की पुष्कळ ठिकाणी तो त्याला जुमानीतच नाही.”

त्यांनी मला दिले नायट्रोफ्युरँटॉइन, 1953 पासून वापरात असलेले. मूत्रपिंडे धड असली तर 5 दिवसांत काम होते. नाहीतर फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची. तेही 1969 मध्ये स्पेनच्या मातीतल्या जंतूंपासून मिळालेले. नव्या औषधांनी हात टेकले, तिथे ही जुनी माणसे उपयोगी पडतात!

“आणि धन्याचे पाणी?” मी विचारले.

“प्या की! भरपूर पाण्याने हे दुखणे वारंवार उलटत नाही. पण ताप, पाठदुखी, उलटी असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर घरी बसायचे नाही.”

परवा रात्री पाहते तो सूनबाई गुपचूप धने भिजत घालीत होती. बाहेर मुलगा आणि हे वर्तमानपत्र वाचीत बसले होते. मी नेहमीच्या आवाजात विचारले, “उन्हाळी लागली का गं?”

ती दचकली. “आई, हळू!”

“हळू कशाला? उद्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि गोळ्या देतील तितक्या पुऱ्या घ्यायच्या. एकही कपाटात उरता कामा नये.”

बाहेर वर्तमानपत्राची सळसळ थांबली. मी आवाज खाली आणला नाही.