प्रीतीच्या मांडीवरची पोरं

पादुआच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनालयात १३०५च्या सुमारास जोत्तोने रंगवलेली प्रीती आई नाही. एका हातात फळाफुलांचं भांडं, दुसऱ्या हाताने ती आपलं काळीजच वर देवाकडे सोपवते आहे आणि पायाखाली पैशांच्या थैल्या आहेत. मूल एकही नाही. विश्वास, आशा, प्रीती या ख्रिस्ती सद्‌गुणांतली ही थोरली. देवावरचं प्रेम आणि शेजाऱ्याला देणं, दोन्ही तिच्यात येतं.

पुढे तिच्या अंगाखांद्यावर पोरं चढली. आंद्रेआ देल सार्तोने १५१८ साली फ्रान्सच्या राजासाठी काढलेल्या चित्रात एक मूल अंगावर पितंय, एक फुलं पुढे करतंय, तिसरं पायाशी झोपलंय. देखणं चित्र. पण आईने पोटच्या पोरांना पाजलं, त्यात पुण्य ते कसलं? देण्याची कसोटी परक्यापाशी लागते. पोरं कुणाची, हे चित्रकार सांगतच नाही.

राफाएलच्या एका लहान फळीपुढे मात्र माझा हा आक्षेप लंगडा पडतो. पेरुजाच्या अतालांता बाल्योनीचा मुलगा ग्रिफोनेत्तो १५०० साली भाऊबंदकीत मारला गेला. आधी त्यानेच नातलगांचे खून पाडले होते, म्हणून आईने त्याला जवळ केलं नव्हतं. तो मरणाच्या दारी पडल्यावर ती धावली आणि मारेकऱ्यांना क्षमा कर म्हणून त्याला विनवू लागली, अशी तिथल्या बखरीतली हकिकत. त्याच्या स्मरणार्थ तिने राफाएलकडून करवून घेतलेलं वेदीचित्र १५०७चं. वर येशूचं कलेवर वाहणारी माणसं आणि शुद्ध हरपलेली मरिया. खालच्या पट्टीत, करड्या एकरंगात, ती लहान फळी: मधोमध प्रीती आणि तिच्यावर पोरांची झुंबड. शेजारचा एक बाळदूत पेटतं पात्र वाहतोय, दुसरा नाणी ओततोय. नाणी अशी कडेला सारली, हे मला फार पटतं. नाणं दिलं की थैली हलकी होते. पान्ह्याचं उलटं, पोर जितकं ओढेल तितकं दूध उतरतं.

मुलगा गमावलेल्या त्या बाईला ही पोरं कुणाची हा प्रश्न पडला असेल, असं मला वाटत नाही.

१६०८ साली कार्डिनल शिपिओने बोर्गेसेसाठी वरचं चित्र रातोरात पेरुजातून हलवलं गेलं. ते आज रोमच्या बोर्गेसे संग्रहालयात आहे, प्रीतीची फळी व्हॅटिकनमध्ये. दोन्ही पाहायची तर दोन तिकिटं काढावी लागतात आणि मधली तिबर नदी ओलांडावी लागते.