पाणी तोडा

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या टापूत जीबीएस या आजाराचे रुग्ण सापडू लागले आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी टाकीत पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर जरा सढळ हातानं टाकली. सकाळी नळ सोडला तर नाकात झणकाच गेला. सून म्हणाली, ‘बाबा, त्या पाण्यानं तोंड धुऊ नका.’ मी धुतलं. मला तो वास चालतो. चालतो कसला, धीर देतो.

हातापायांतलं बळ नेणाऱ्या त्या आजाराआधी पुष्कळांना जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता. आमच्या ग्रुपवर मात्र दिवसभर वाद चालला होता तो पाणी पुरवणारी विहीर कोणाची, लाइन कोणाची आणि हद्द कोणाची, याचा. मी फोन पालथा घातला.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही माणदेशात होतो. विहिरीच्या तळाशी झऱ्याला बायका वाटीवाटीनं पाणी भरत. दुष्काळी कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी खायची आणि सगळ्यांनी एकाच पिंपात हात बुडवून पाणी प्यायचं. त्या उन्हाळ्यात माझ्या चुलतबहिणीला जुलाब-उलट्या लागल्या. पेठेच्या गावाहून एक डॉक्टर सायकलवर यायचा. काय शिकला होता ते कुणी कधी विचारलं नाही. त्यानं दंडात सुई मारली आणि सांगितलं, ‘पाणी तोडा. थेंब द्यायचा नाही. वरून जातंय तेच खालनं येतंय.’

थोरल्या काकांनी तिच्या उशाचा तांब्या उचलून फडताळावर ठेवला. ती रडली नाही. रडायलाही अंगात ओल लागते. ती नुसती त्या तांब्याकडे बघत राहिली. काकूनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहायची. उन्हं उतरायच्या आत ती गेली. मग कधीतरी ग्रामपंचायतीचा माणूस डबा घेऊन आला आणि त्यानं विहिरीत पावडर ओतली. तो वास तेव्हाचा. कुणीतरी आलं होतं, उशिरा का होईना.

दिलीप महालनबीस या कलकत्त्याच्या डॉक्टरांचं नाव मला फार पुढे, नोकरीतून मोकळा झाल्यावर वाचनात भेटलं. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लोंढे येत होते आणि सीमेजवळच्या बनगावच्या दवाखान्यात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर, आपल्याच घाणीत पडलेले होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा कलकत्त्यात मोजून पुड्यांत भरला, पिंपांत पाणी घेऊन त्यात विरघळवला आणि नातेवाइकांना सांगितलं, मगानं पाजत राहा. आधी शंभरातले तीसेक जात होते. हे पाणी सुरू झाल्यावर चारसुद्धा जाईनात.

म्हणजे आमच्या घरात तांब्या फडताळावर चढला, त्याच्या आधीच बनगावात हे सिद्ध झालेलं होतं. खरं तर त्याच्याही आधी. हेमेंद्रनाथ चटर्जी या कलकत्त्याच्याच डॉक्टरांनी १९५३ साली लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं की कॉलऱ्याच्या १८६ रुग्णांना तोंडानं मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन त्यांनी बरं केलं. मोठ्या लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुरेशी मोजमापं नव्हती म्हणे. महालनबीसांना पद्मविभूषण मिळाला तो २०२३ साली, ते गेल्यानंतर. चटर्जींचं नाव तर वैद्यकीच्या बाहेर कुणी घेत नाही.

यातलं शास्त्र असं की जुलाबात आतडं नुसतं पाणी आणि नुसतं मीठ नीट ओढून घेत नाही, पण ग्लुकोजचं बोट धरलं की मीठ आत शिरतं आणि त्याच्यामागून पाणी. वरून गेलेलं सगळं खाली येत नाही. सायकलवाल्याचा हिशेब ऐकायला बरोबर होता, म्हणून तर सगळ्यांना पटला. त्याच्यावरचा माझा राग वयाबरोबर निवायला हवा होता. निवला नाही.

आमच्या शेजारी एक म्हातारी होती. तिच्या नातवालाही त्याच आठवड्यात जुलाब-उलट्या लागल्या होत्या. तिच्याकडे सुईचे पैसे नव्हते, त्यामुळे डॉक्टरही नव्हता. तिनं मूठभर कण्या शिजवल्या, मीठ घातलं आणि ती पेज रात्रभर बोटानं त्याच्या ओठांना लावत बसली. पोरगं जगलं. तांदळातली पिष्टं पोटात गेल्यावर त्यांचं ग्लुकोजच होतं, हे तिला कोण सांगणार? ती म्हणायची, मरीआईनं राखलं.

मरीआईचा गाडा ठाऊक आहे ना? पटकी आली की देवीला नैवेद्य दाखवायचा, गाडा ओढत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे ढकलून परत फिरायचं, मागे न बघता. पलीकडचं गाव तो पुढच्या शिवेवर नेऊन सोडायचं. माझ्या आजोबांनी हे पाहिलेलं होतं. आम्ही शाळेत शिकलो आणि या प्रकाराला हसलो. ग्रुपवरचा हद्दीचा वाद वाचताना मला हसू आलं नाही.

आमच्याकडे आता पाणी कुणी तोडत नाही. आता भलतंच पाणी देतात. नातवाचं पोट बिघडलं तेव्हा औषधाच्या दुकानात मला खोक्यातलं गोड सरबत ‘ओआरएसच आहे हो’ म्हणून देऊ केलं. ओआरएस म्हणजे तेच मीठ-ग्लुकोजचं पाणी, पण या सरबतात साखर इतकी की ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांवर ओआरएस ही अक्षरं छापायला बंदी केली, ती हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं चिकाटीनं पाठपुरावा केल्यावर. खरी पुडी वीसेक रुपयांची. ती विकण्यात दुकानदाराला सुटतं किती?

तेव्हा पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलंय का, ते बघून घ्या. पुडी मिळाली नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सपाट सहा चमचे आणि मिठाचा सपाट अर्धा चमचा घाला. चमचा चहाचा. मीठ वाढवू नका. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्यानं करा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्यानं पाजा. मूल ग्लानीत जात असेल किंवा पीतच नसेल तर तडक दवाखाना गाठा. पीत असेल तर वाटेतही पाजत राहा.