कापलेलं कव्हर

बाबांच्या कॅसेट्स एमपीथ्री करून मीडिया लायब्ररीत टाकल्या, कव्हर्सही स्कॅन केली. टीव्हीवर बघून आई म्हणाली, "अरे, ह्यांचं अक्षर कुठे गेलं?"

बाबा प्रत्येक कव्हरच्या तळाशी पेनाने तारीख लिहायचे. कॅसेटचं कव्हर उभं, अल्बमची चौकट मात्र सीडीसारखी चौरस. ती पूर्ण भरायची म्हणून सॉफ्टवेअर वरखाली कात्री लावतं. थंबनेल मोठं करून पाहिलं, तर कापलेलंच मोठं दिसलं!

शेवटी चित्रालाच दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या जोडून ते चौरस केलं, 'फोल्डर.जेपीजी' नावाने सेव्ह केलं, जुनी कॅशे उडवली आणि रिस्कॅन.

आता कव्हर्स बारीक दिसतात. आईने चष्मा लावून वाचलं, "दिवाळी १९९१, दादर. म्हणजे आमच्या लग्नाआधीची!"

पट्ट्या वाईट दिसतात खऱ्या. राहू देत.