शेजाऱ्यांच्या गावची सुगी

जपानमधल्या कोबे शहरात आमच्या शेजारी राहणारे कुटुंब कधी विनाकारण रजा घेत नाही. पण १४ आणि १५ ऑक्टोबरला त्यांच्या दाराला हमखास कुलूप असते. हे दोन दिवस त्यांच्या गावच्या सुगीच्या सणाचे. वार कोणताही येवो, तारीख बदलत नाही. यंदा त्यांनी आम्हालाही बोलावले.

बोलावणे आले आणि आमच्या घरात विचार सुरू झाला. सण शिंतो देवस्थानाचा. तिथे देवांच्या पालख्या, नैवेद्य आणि तांदळाची दारू हे सगळे असणार. मुलगी म्हणाली, "अब्बा, नको म्हटलं तर काकूंना वाईट वाटेल ना?" शेजाऱ्याचा हक्क मोठा, हे आम्हीच तिला शिकवलेले. इबादत फक्त अल्लाहची, हेही आम्हीच शिकवलेले. शेवटी आम्ही शेजाऱ्यांना सरळ सांगून टाकले की गावी आनंदाने येऊ, पण पूजेत सहभागी होणार नाही आणि खाण्यापिण्याचे आमचे नियम पाळू. ते म्हणाले, "मग डोंगराच्या उतारावर आमच्यासोबत बसा. तिथून सगळ्यांत छान दिसतं."

कोबेहून पश्चिमेला, समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रेल्वेने तास-सव्वा तासात हिमेजी शहराच्या हद्दीतले शिराहामा येते. इथले मात्सुबारा हाचिमान हे देवस्थान आसपासच्या सात गावांचे. त्यांच्या या सणाला लोक 'नादाचा भांडणाचा सण' म्हणतात. नाद हे या भागाचे नाव.

स्टेशनापासूनच ढोल ऐकू येऊ लागले. लांब बांबूंच्या टोकांना रंगीत कागदांचे मोठे झुबके बांधलेले आणि प्रत्येक गावाचा रंग वेगळा. सोनेरी नक्षीचे, भरतकामाचे पडदे लावलेले भव्य डोलारे माणसे खांद्यावर घेऊन येत होती. आत चार ढोलवाले बसलेले. एकेका डोलाऱ्याचे वजन सुमारे दोन टन! खांदेकऱ्यांच्या अंगावर लंगोट आणि डोक्याला पट्टी, एवढाच पोशाख. आमच्या घरातल्या बायकांनी थोडा वेळ बांबूंचे रंग पाहणेच पसंत केले.

देवस्थानाच्या पश्चिमेला एक टेकडी आहे. तिच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसायच्या जागा केलेल्या. आम्ही तिथे बसलो. खालच्या मैदानात तीन पालख्या आल्या आणि खरोखरच एकमेकींवर आदळू लागल्या. लाकूड मोडल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. पालखी जितकी मोडेल तितका देव प्रसन्न, अशी इथली समजूत. ती आमची नव्हे, पण त्या माणसांची मेहनत मनाला भिडली. यात कोणी जायबंदीही होतो, म्हणून वडीलधारे सतत ओरडून सावध करत होते. पालख्यांचा मान दरवर्षी एका गावाकडे फिरतो आणि त्या वर्षी ते गाव आपला डोलारा काढत नाही.

या सणाच्या सुरुवातीची एक कथा सांगतात. पंधराव्या शतकात आकामात्सु घराण्याच्या सरदाराने या देवस्थानाला तांदूळ दिले, तेव्हा गावकरी आनंदाने नाचत मिरवत निघाले. म्हणजे या सगळ्या गर्दीच्या मुळाशी तांदूळच!

असरची वेळ झाली. शेजाऱ्यांच्या आईने आम्हाला घरी नेले, चटयांची एक स्वच्छ खोली मोकळी करून दिली आणि दार ओढून घेतले. बाहेर ढोल वाजत होते, आत आम्ही सज्दा केला. नमाज झाल्यावर पाहतो तर उकडलेल्या चेस्टनट, जपानी फळे आणि चहा वेगळ्या ताटात मांडलेला. "यात दारू नाही, मी स्वतः पाहिलंय," आजी म्हणाल्या. आमची भीती होती की नियम सांगितले तर माणसे दुरावतील. झाले उलटेच. नियम ठाऊक असल्यामुळे आजींना पाहुणचार करणे सोपे गेले.

त्या घरात टोकियो, ओसाकाहून आलेले भाऊ, पुतणे, नातवंडे होती. नोकऱ्यांसाठी पांगलेले गाव सुगीसाठी एकत्र आले होते. आम्हाला रत्नागिरीकडचे आमचे गाव आठवले. तिथेही ऑक्टोबरात भातकापणी. पण कोणी मुंबईत, कोणी आखातात आणि आम्ही इथे. खाचरे चाचा एकटेच सांभाळतात. आमच्या मुलांना ईदचा दिवस माहीत आहे, कापणीचा नाही.

अंधार पडला, डोलाऱ्यांवर दिवे लागले. निघताना आजींनी नव्या तांदळाची पिशवी हाती दिली. गाडीत मुलीने विचारले, "अब्बा, आपल्यात नव्या पिकाचं काही नसतं?"

आम्ही सांगितले, "असतं. कापणी होताच त्यातला गरिबांचा हक्क काढायचा. त्याला उश्र म्हणतात. पावसावरच्या पिकाचा दहावा भाग. शुक्र असा अदा करायचा."

"मग आपल्या शेताचा कोण काढतं?"

उत्तर द्यायला आम्हाला थोडा वेळ लागला. घरी पोहोचताच चाचांना फोन लावला आणि तो मुलीच्या हातात दिला. सलाम करून तिने पहिला प्रश्न विचारला, "दादा, भात कापून झाला का?"

पुढच्या वर्षीची आमची रजा ऑक्टोबरातच पडेल, असे दिसते.