चौतीस घरांचा कॅमेरा

आमच्या वस्तीतील वाचनालयातर्फे अजिंठ्याची सहल ठरली, तेव्हा गाडीभाड्याच्या आधी कॅमेऱ्याची वर्गणी गोळा झाली. मागणी केली ती ज्यांना जाता येणार नाही अशा वडीलधाऱ्या मंडळींनी. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाला दमा. कोल्हापूरहून अजिंठा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि वर लेण्यांच्या पायऱ्या. आमच्या आईचे म्हणणे एकच होते, "बसमधली हसरी तोंडं आम्ही रोज बघतोय. सव्वीस नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती हाय म्हनत्यात, तिचा चेहरा मला जवळनं दाखव."

चौतीस घरांनी पाचशे-पाचशे रुपये दिले. जमा १७,००० रुपये. मी बी.कॉम. झालेला कारकून, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. यातली काही घरे धुणीभांडी आणि बांधकामाच्या रोजावर चालणारी आहेत. या पैशातून आणलेली वस्तू नुसती चालून भागणार नव्हते, अंधारात चालायला हवी होती.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल की, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना कॅमेरा कशाला? प्रश्न रास्त आहे. उन्हातल्या ग्रुप फोटोसाठी मोबाईल पुरतो, त्यासाठी मी वर्गणीचा एक रुपयाही खर्च होऊ दिला नसता. पण लेण्यात प्रकाश मंद असतो. रंग खराब होऊ नयेत म्हणून अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, आणि ट्रायपॉडला वेगळी परवानगी काढावी लागते. शिवाय चित्रे कठड्याच्या पलीकडे. म्हणजे हातात धरून, कमी उजेडात, थोडे लांबून फोटो काढायचा. आमच्या साध्या मोबाईलांवर तो धुरकट येतो.

खिशात मावणारे स्वस्त नवे कॅमेरे आता बाजारात थोडेच राहिले आहेत. मोबाईलने तो धंदाच खाल्ला. चांगले नवे आहेत ते आपल्या आवाक्याबाहेर. तेव्हा जुन्या बाजाराकडे वळलो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा घरच्या घरी घडवला आणि १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, त्या गावात जुन्या कॅमेऱ्याची पारख सांगणारा माणूस सापडायला फार हिंडावे लागत नाही. एका फोटोग्राफरकडे सोनीचा आरएक्स-१०० हा २०१२ साली निघालेला कॅमेरा १५,००० रुपयांना होता. अनामत ठेवून एक दिवस वापरायला देण्यास तो तयार झाला. तुलनेसाठी ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा एक छोटा कॅमेरा मागून घेतला.

गंमत अशी की, दोन्ही २० मेगापिक्सेलचे. दुकानात गिऱ्हाईक हाच आकडा विचारते. पण आत प्रकाश टिपणारी जी पट्टी असते, सेन्सर म्हणतात ती, तिचा आकार कोणी विचारत नाही. छोट्या कॅमेऱ्यात ती साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटर, आरएक्समध्ये १३.२ बाय ८.८. क्षेत्रफळ चौपट. पाऊस तोच, पण कोणी वाटी ठेवली आणि कोणी परात. शिवाय छोट्याचे भिंग एफ ३.३ पर्यंत उघडते, याचे १.८ पर्यंत. आकडा लहान तितके भोक मोठे. हिशेब केला तर प्रकाश तिपटीहून जास्त.

आधी घरी तपासणी केली. भिंग बाहेर येताना कुरकुरते का, हे कान लावून ऐकले. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढला आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचता येतात का ते पाहिले. मग भोक लहान करून निरभ्र आकाशाचा फोटो. असे आतबाहेर करणारे भिंग धूळ ओढून घेते, आणि सेन्सरवर धूळ असली तर आकाशात काळे ठिपके दिसतात. जुना कॅमेरा घेणाऱ्याने ही परीक्षा चुकवू नये.

खरी परीक्षा रविवारी ज्योतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, पोहाळ्याच्या लेण्यात. अजिंठ्याला जाऊन कॅमेरा निकामी निघण्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातल्या बौद्ध लेण्यात कळलेले बरे. वस्तीतली दोन मुले आणि बारावीतली एक मुलगी बरोबर होती. फ्लॅश बंद, आयएसओ १६००, भोक पूर्ण उघडे. आरएक्सने सेकंदाच्या पंधराव्या भागात फोटो घेतला. छोट्याला तितक्याच उजेडासाठी पाव सेकंद लागला आणि तेवढ्यात हात हलतोच. खांबाला खांदा टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून काढले की आणखी स्वच्छ येते, कारण बटण दाबण्याचा धक्का बसत नाही. आणखी एक गोष्ट तिथेच समजली. झूम पूर्ण ताणला की याच भिंगाचे १.८ चे ४.९ होते, म्हणजे प्रकाश सातव्या हिश्शावर येतो. तेव्हा दोन पावले पुढे जाता येत असेल तर जावे, झूम कठड्यापुरता राखावा.

सोमवारी संध्याकाळी वाचनालयाच्या टीव्हीवर दोन्हींचे फोटो लावले. कोणता कशाचा हे सांगितले नाही. एका आजींचे मालक दगडाच्या खाणीत होते. त्या खुर्ची पुढे ओढून टीव्हीला नाक लावून बसल्या आणि म्हणाल्या, "हितं छिन्नीचं घाव दिसत्यात बघा. त्या दुसऱ्यात नुसता भुगा दिसतोय." निकाल लागला.

कॅमेरा १५,०००, जादा बॅटरी ९००, कार्ड ६५०, पाऊच २५०. शिल्लक २०० रुपये. फोटो दोन ठिकाणी साठवायचे असेही ठरले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला केल्या आणि त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ही हकिकत सांगितल्यावर पेन ड्राइव्हचा खर्च एका घराने आपण होऊन उचलला.

लेण्यात कॅमेरा कोणी धरायचा, यावर मात्र अर्धा तास वाद झाला. मोठी माणसे हक्क सांगू लागली. शेवटी त्या बारावीतल्या मुलीचे नाव निघाले. सेकंदाच्या पंधराव्या भागाला तिचा हात हलत नाही, हे पोहाळ्याच्या फोटोंत सर्वांनी पाहिले होते.